‘उत्साहात संपन्न झाले’, पण घडले काय?

चर्चच्या उपक्रमांच्या बातम्या लिहिणाऱ्यांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या स्तंभाकडे आलेल्या पत्रांत एक गट वेगळा उठून दिसतो. तो म्हणजे आपापल्या धर्मग्रामाच्या (कॅथलिक धर्मगुरूंच्या अखत्यारीतील क्षेत्राच्या) किंवा मंडळीच्या (प्रोटेस्टंट चर्चच्या सभासदसमूहाच्या) बातम्या मासिकांना आणि दैनिकांना पाठवणाऱ्या हौशी वार्ताहरांचा. यांत कोणी निवृत्त शिक्षक आहेत, कोणी मंडळीचे चिटणीस आहेत, तर कोणी तरुण संघातील मुली आहेत. यांना मानधन मिळत नाही, बातमी छापली गेली तर कोणी फारसे बोलत नाही आणि चुकली तर मात्र रविवारी चर्चच्या पायरीवरच जाब द्यावा लागतो. म्हणून यावेळचा संपूर्ण स्तंभ त्यांच्यासाठी राखून ठेवला आहे. पत्रलेखकांची नावे आणि गावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या धर्मग्रामाच्या युवकांनी घेतलेल्या रक्तदान शिबिराची चारशे शब्दांची बातमी मी मासिकाकडे पाठवली. छापून आल्या त्या पाच ओळी. तीच बातमी स्थानिक दैनिकाकडेही दिली होती, तेथे तेवढ्याही आल्या नाहीत. एवढी मेहनत करूनही आमच्या बातम्यांची अशी कापाकापी का होते? (वसई तालुका)

उत्तर : आपण बातमीची प्रत सोबत जोडलीत, हे बरे केलेत. ती मी हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. पहिले वाक्य सात ओळींचे आहे आणि त्यात प्रमुख धर्मगुरूंचे मार्गदर्शन, पाहुण्यांची उपस्थिती, शिबिराचा भव्यपणा आणि सर्वांचा उत्साह एवढे सगळे आले आहे. त्यानंतर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, पुष्पगुच्छ, मनोगते, सूत्रसंचालन आणि आभारप्रदर्शन हे ओळीने येतात. बातमीत एकंदर ३७ नावे आहेत. रक्ताचा उल्लेख शेवटून दुसऱ्या वाक्यात येतो, तो असा : ‘या शिबिरात एकूण ६३ बाटल्या रक्त संकलित करण्यात आले.’ संपादकाने ज्या पाच ओळी ठेवल्या, त्या याच वाक्याच्या आजूबाजूच्या आहेत. कात्री निर्दय होती हे खरे, पण ती आंधळी नव्हती.

यानंतर मी आपल्याला दूरध्वनी केला आणि वीस मिनिटांत आपण मला अशा चार गोष्टी सांगितल्यात, ज्यांपैकी एकही आपल्या बातमीत नाही. रक्त देण्यासाठी ८१ जण आले होते. त्यांपैकी १८ जणांना परत पाठवावे लागले आणि त्या अठरांत १४ स्त्रिया होत्या, कारण त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण कमी भरले. तपासणीच्या टेबलावर बसलेल्या, परिचारिका असलेल्या धर्मभगिनींनी त्या चौदाही जणींची नावे वहीत वेगळी लिहून ठेवली आणि पुढच्याच आठवड्यात महिला मंडळाची बैठक बोलावली. मुळात हे शिबिर भरवण्याचे कारणही बातमीत नव्हते. मागच्या पावसाळ्यात वाडीतील एका बाळंतिणीसाठी रक्त मिळवताना नातेवाइकांना रात्रभर धावपळ करावी लागली होती. हे सारे आपल्याला ठाऊक होते, परंतु हे ‘बातमीत घालण्यासारखे’ आहे असे आपल्याला वाटले नाही. माझ्या मते बातमी तीच होती आणि आपण पाठवली ती कार्यक्रमपत्रिका होती.

मी ती पुन्हा लिहून पाहिली. नमुना म्हणून येथे देतो :

‘रक्तदानासाठी आलेल्या ८१ जणांपैकी १८ जणांना रविवारी रक्त न देताच परतावे लागले आणि त्यांत १४ स्त्रिया होत्या. रक्तदात्याच्या रक्तात हिमोग्लोबिनचे प्रमाण प्रति डेसिलीटर किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. या स्त्रियांचे प्रमाण त्याहून कमी भरले. “द्यायला आले होते, तर मलाच रक्त कमी आहे असे कळले,” असे भाजीची वाडी करणाऱ्या एका महिलेने सांगितले. धर्मग्रामातील युवकांनी भरवलेल्या या शिबिरात ६३ जणांनी रक्त दिले. गेल्या पावसाळ्यात वाडीतील एका बाळंतिणीला रक्त वेळेवर मिळण्यासाठी रात्रभर धावपळ करावी लागली होती, त्यावरून हे शिबिर ठरले. परत गेलेल्या स्त्रियांची पुन्हा तपासणी करून त्यांना औषधोपचार मिळवून देण्याचे काम महिला मंडळाने अंगावर घेतले आहे.’

ही बातमी शंभर शब्दांच्याही आत बसते. यात पाहुणे नाहीत आणि उत्साह हा शब्दही नाही, परंतु वाचणाऱ्याला तो दिसतो. आणखी एक बारीकसारीक गोष्ट सांगतो. ‘रक्ताच्या बाटल्या’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका बसला आहे की, तो लिहिताना खटकत नाही. पण आता रक्त बाटलीत नव्हे, तर प्लास्टिकच्या पिशवीत घेतले जाते आणि शिबिरांत बहुधा एका दात्याकडून ३५० मिलिलीटर घेतात. ज्याने शिबिर डोळ्यांनी पाहिले त्याने पिशवी लिहावे. दात्याचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे आणि वजन किमान ४५ किलो असावे लागते, हे एका वाक्यात सांगितले असतेत तर पुढच्या शिबिराला येऊ पाहणाऱ्या तरुणांनाही त्याचा उपयोग झाला असता.

दैनिकाचे गणित वेगळे असते. आपल्या मासिकाचा वाचक प्रमुख धर्मगुरूंना ओळखतो. दैनिकाचा वाचक ओळखत नाही आणि त्याला त्याचे कारणही नाही. परंतु आपल्या तालुक्यातील स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, ही गोष्ट त्याच्याही घरातली आहे. शिवाय आपण ती बातमी शिबिरानंतर नवव्या दिवशी दिलीत. दैनिकाच्या दृष्टीने हे वरातीमागून घोडे झाले. शिबिर रविवारी दुपारी संपले असेल, तर बातमी त्याच संध्याकाळी सहाच्या आत उपसंपादकाच्या हाती पडली पाहिजे, मग ती सहाच वाक्यांची असली तरी चालेल. मासिकाला सविस्तर मजकूर सवडीने पाठवावा.

या निमित्ताने थोडे विषयांतर करतो. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा लहान नाही. पहिले मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, १८४२ मध्ये, अमेरिकन मिशनने अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ काढला. निरोप पोचवणारा तो निरोप्या, म्हणजे वार्ताहराचे काम त्यांनी अंकाच्या नावातच सांगून टाकले. ज्ञानोदयच्या एवढ्या जुन्या फायलींतून आज सर्वाधिक उद्धृत होणारा मजकूर कोणता असेल, तर तो १८५५ मध्ये दोन हप्त्यांत छापलेला मुक्ताबाई साळवे या, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुलीचा निबंध. मांग-महारांच्या दुःखाविषयी त्या मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि अंकाने ते छापले. त्या वर्षी कोणकोणत्या सभांना कोण अध्यक्ष होते, हे मात्र आज अभ्यासकांवाचून कोणी शोधत नाही. आपल्या शिबिरात त्या वाडीवाल्या बाईंनी जे वाक्य उच्चारले, ते आपण लिहून घेतले असतेत, तर आणखी पन्नास वर्षांनी आपल्या गावचा इतिहास लिहिणाऱ्याला ते सापडले असते.

प्रश्न : आपण नेहमी नावे कमी करा असे सांगता. आमच्याकडे बातमीत एखाद्या पंचाचे नाव राहिले तरी पुढची पास्टरेट कमिटीची (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या समितीची) सभा त्याच विषयावर होते. मी चिटणीस आहे, मला याच लोकांबरोबर काम करायचे आहे. काय करावे? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि ती लेखनाची नसून नात्यांची आहे, म्हणून तिच्यावरचा उपायही अर्धा लेखनाबाहेरचा आहे. मंडळीत तीन प्रकारचे लेखन लागते : सभेचा वृत्तांत, आभार आणि बातमी. वृत्तांत मिनिट बुकात लिहावा आणि त्यात सगळी नावे हुद्द्यांसह यावीत. आभार रविवारच्या उपासनेनंतरच्या जाहीर सूचनांत मानावेत, तेही नावानिशी आणि सावकाश. ही दोन कामे नीट झाली, तर बातमीवरचा भार बराच उतरतो. नावासाठी रुसणारा माणूस बहुतेक वेळा छापील नावासाठी रुसलेला नसतो. आपण केलेले कोणी पाहिले नाही, असे त्याला वाटलेले असते.

बातमीपुरता मी स्वतः एक नियम पाळतो. ज्या नावाला स्वतःचे क्रियापद आहे ते नाव ठेवायचे. ‘यांच्या शुभहस्ते’, ‘यांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘यांच्या मार्गदर्शनाखाली’ या रचनांत माणूस काहीच करत नाही, नुसता असतो. ‘यांनी विहिरीसाठी आपली दोन गुंठे जागा दिली’ यात माणूस काहीतरी करतो. हा नियम सर्वांना सारखा लावला आणि तो एकदा पंचांच्या सभेत वाचून दाखवला, तर पुढे कोणाचे नाव गळले तरी त्याचा दोष चिटणीसाच्या आवडीनिवडीवर येत नाही. पाळकसाहेबांनाही हाच नियम लागू करावा. त्यांचे नाव प्रत्येक बातमीत पहिल्या ओळीत येण्याची गरज नाही आणि समजूतदार पाळकांना ते आवडतही नाही.

हा नियम लावला की एक गंमत दिसते. आजवर ज्यांची नावे कधीच आली नाहीत, ती यायला लागतात. कापणीच्या सणाचेच उदाहरण घ्या. आपल्या जिल्ह्यातील मंडळ्यांत या दिवशी लोक बाजरी, ज्वारी, कांदे, भोपळे, अंडी, गावरान कोंबड्या असे जे घरचे असेल ते वेदीपाशी आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मी लहानपणी पाहिलेला एक भोपळा अजून विसरलेलो नाही. तो पहिल्या बोलीत एका शिक्षकांनी घेतला आणि तेथेच मंडळीला परत दिला. दुसऱ्यांदा तो एका ट्रकचालकांनी घेतला आणि परत दिला. तिसऱ्यांदा बोली लागली तेव्हा ज्या म्हाताऱ्या बाईंनी तो परसात पिकवून आणला होता, त्यांनीच लुगड्याच्या गाठीतून पैसे सोडून तो विकत घेतला. लोक हसले, आणि काही जण रडलेही. त्या वर्षीच्या बातमीत काय आले असेल? ‘कापणीचा सण उत्साहात साजरा करण्यात आला. मोठ्या संख्येने मंडळी उपस्थित होती.’ भोपळा आला नाही आणि त्या बाईंचे नावही आले नाही.

‘मोठ्या संख्येने’ याविषयीही सांगून ठेवतो. किती माणसे होती, हे मोजता येते. बाकांच्या रांगा मोजाव्यात, एका बाकावर किती बसली होती ते पाहावे आणि ‘सुमारे १८०’ असे लिहावे. जेवणाच्या पत्रावळ्या किती लागल्या हे आचाऱ्याला विचारले, तर त्याहूनही बरा आकडा मिळतो. ‘हजारोंच्या उपस्थितीत’ असे लिहिले आणि चर्चच्या इमारतीत तीनशेच माणसे मावत असली, तर गावातला वाचक बाकीच्या बातमीवरही विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : आमचा गट शाळकरी मुलांना वह्या-पुस्तके आणि गरजू कुटुंबांना धान्य देतो. देणगीदारांना छायाचित्रे हवी असतात. आम्ही बातमीबरोबर तशी छायाचित्रे पाठवतो. एका सिस्टरने (धर्मभगिनीने) याला हरकत घेतली. तिचे बरोबर आहे का? (पुणे)

उत्तर : सिस्टरांचे बरोबर आहे. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही शिकवण बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात आहे आणि ती आपल्या वाचकांना पाठ आहे. तरीही आपल्या बातम्यांच्या छायाचित्रांत एका टोकाला देणारे पाच जण आणि दुसऱ्या टोकाला घेणारा एक जण, मध्ये तांदळाची पिशवी आणि सगळ्यांचे डोळे कॅमेऱ्याकडे, हीच मांडणी वर्षानुवर्षे चालली आहे. त्या पिशवीसाठी माणसाला दोनदा हात पसरावा लागतो, एकदा धान्यासाठी आणि एकदा छायाचित्रासाठी.

देणगीदाराला छायाचित्र हवे असते, कारण आपला पैसा पोचला याची त्याला खात्री हवी असते. ती खात्री हिशेबाने होते. किती किलो तांदूळ कोणत्या भावाने घेतला, किती घरांत गेला, वाहतुकीला किती लागले हे त्याला पत्राने कळवावे. बातमीसाठी छायाचित्र हवेच असेल तर रात्री बसून वह्यांना कव्हरे घालणाऱ्या मुलांचे घ्यावे, धान्य पाखडणाऱ्या हातांचे घ्यावे किंवा शिवणवर्गातील मशिनवर अर्धवट शिवलेल्या झबल्याचे घ्यावे. अशी छायाचित्रे पाहायलाही बरी वाटतात.

मुलांच्या बाबतीत केवळ सौजन्याचा नव्हे, तर कायद्याचाही प्रश्न आहे. बालगृहात किंवा बालकल्याण समितीमार्फत संस्थेत आलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई केली आहे. नाताळच्या आदल्या आठवड्यात तरुण संघ बालगृहात केक घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचे हसरे चेहरे बातमीबरोबर पाठवतो, तेव्हा त्याच्या मनात वाईट काही नसते, पण ते छायाचित्र छापता येत नाही. एचआयव्हीबाधितांसाठी चालणाऱ्या केंद्रांबाबतही हीच काळजी घ्यावी. कोणाची बाधा त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

आणि ‘नाव बदलले आहे’ एवढे लिहून आपण सुटलो असे समजू नये. ‘नदीकाठच्या वस्तीतील, तीन मुली असलेली, नवऱ्याने टाकलेली एक भगिनी’ असे लिहिले की, त्या वस्तीतल्या प्रत्येकाला ती कोण हे पहिल्या स्वल्पविरामालाच कळते. नाव एकच गोष्ट सांगते, पण तपशील मिळून पत्ता सांगतात. ज्या व्यक्तीविषयी लिहायचे आहे, तिला छापण्यापूर्वी ते वाचून दाखवावे. तिने एखादे वाक्य काढायला सांगितले तर काढावे आणि त्यावर वाद घालू नये.

प्रश्न : मी एका दैनिकात काम करतो. ख्रिस्ती नाही. चर्चच्या बातम्या हाताळताना शब्दांची फार गल्लत होते आणि नंतर तक्रारी येतात. काही मार्गदर्शन कराल का? (नाशिक)

उत्तर : आपण विचारलेत, हेच अर्धे काम झाले. पहिली गल्लत सर्वांना एकाच शब्दात बसवण्याची होते. कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू किंवा फादर असतात, ते मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) अर्पण करतात, त्यांच्या अखत्यारीतील क्षेत्राला धर्मग्राम म्हणतात आणि बालकाला स्नानसंस्कार दिला जातो. प्रोटेस्टंट परंपरेतील मंडळीत पाळक किंवा रेव्हरंड असतात, उपासना होते, प्रभुभोजन होते आणि बाप्तिस्मा होतो. पाळकांना फादर म्हटले की दोन्हीकडचे लोक नाराज होतात. दोन्हीकडच्या विधीला ‘पूजा’ म्हटले की आपण मूळ गोष्ट पाहिली नाही, हे उघड होते. ज्या चर्चची बातमी आहे, त्या चर्चच्या माणसाला फक्त एवढे विचारावे : ‘तुम्ही याला काय म्हणता?’ तो सांगेल तो शब्द वापरावा आणि तो अपरिचित वाटला तर वाक्यातच त्याचा उलगडा करावा. ‘राखेच्या बुधवारी धर्मगुरूंनी भाविकांच्या कपाळावर राखेने क्रुसाची खूण केली आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला सुरुवात झाली’ हे वाक्य वाचून कोणालाही राखेचा बुधवार म्हणजे काय हे कळते.

दुसरी गल्लत दरवर्षी न चुकता होते : ‘गुड फ्रायडे उत्साहात साजरा’. येशूला क्रुसावर खिळले त्या दिवसाचे हे स्मरण आहे. लोक उपवास करतात, क्रुसाच्या वाटेची भक्ती (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे टप्प्याटप्प्याने स्मरण) करतात आणि त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्साही होत नाही. हा दिवस ‘पाळला जातो’ असे लिहावे. ‘गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’ अशी चौकट छापू नये, ती आपल्या जाहिरात विभागाने मिळवली असली तरीही.

स्थळांची माहिती दुसऱ्या बातमीतून उचलू नये. वांद्र्याच्या माउंट मेरीचा सण ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. लोक त्याला जत्राच म्हणतात, त्यामुळे आपणही म्हणायला हरकत नाही. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. या दोन वर्षांची अदलाबदल केली की, संतांचा मृत्यू ब्रिटिश अमदानीत झाला असा अर्थ निघतो. अशा चुका हास्यास्पद वाटतात, पण त्या कात्रणांतून पुढे जात राहतात.

शेवटची सूचना आपल्या नेमणुकीविषयी. चर्चची बातमी फक्त २५ डिसेंबरलाच घ्यायची आणि तीही केक व रोषणाईपुरती, असा बऱ्याच दैनिकांचा रिवाज आहे. एखाद्या मे महिन्यात सुट्टीच्या शिबिराला जाऊन बसा. दीडशे मुले कागदाची टोपी करत असतात आणि त्यांना सांभाळणारी कॉलेजातली मुलगी आवाज बसेपर्यंत गाणी शिकवत असते. बातमी तेथेही आहे.

प्रश्न : प्रार्थनेने आजार बरा झाल्याची साक्ष एका भगिनीने आमच्या सभेत दिली. ती बातमी म्हणून द्यावी का? (सोलापूर)

उत्तर : साक्ष ही साक्ष म्हणून द्यावी, वैद्यकीय निदान म्हणून देऊ नये. ‘अमुक भगिनी कर्करोगातून प्रार्थनेने पूर्ण बऱ्या झाल्या’ हे वाक्य आपले ठरते, कारण ते कोण म्हणते हे त्यात नाही. ‘आजारपणाच्या आठ महिन्यांत प्रार्थनेने धीर दिला, असे त्यांनी सांगितले’ हे वाक्य त्यांचे राहते. त्यांचे उपचार कोठे आणि कसे झाले, ते चालू आहेत का, हे विचारावे आणि त्यांची संमती असेल तर लिहावे. ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय कधीही लिहू नये. आपली बातमी वाचून दुसऱ्या एखाद्या रुग्णाने गोळ्या बंद केल्या, तर त्याची जबाबदारी आपल्या वाक्यावर येते. चमत्काराने आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ पासूनचा केंद्रीय कायदा मनाई करतो आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. बातमीखाली ‘प्रार्थनेसाठी संपर्क’ म्हणून दूरध्वनी क्रमांक दिला, की बातमीची जाहिरात होते.

श्रद्धेला यात कमीपणा नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय सुरू केले, ते प्रार्थना करत होते आणि शस्त्रक्रियाही करत होते. आपल्या भगिनींच्या आजारपणात कोणी डबा पोचवला, केमोथेरपीच्या दिवशी कोणी रिक्षाने नेले, त्यांच्या मुलाचा अभ्यास कोणी घेतला हे विचारून पाहा. तेही साक्षीतच येते आणि त्यातला प्रत्येक तपशील तपासून घेता येतो.

प्रश्न : आमची अभ्यासिका बंद पडली. चांगल्याच बातम्या पाठवाव्यात असे वरिष्ठ सांगतात. मग ही पाठवावी की नाही? (रायगड जिल्हा)

उत्तर : पाठवावी. शुभवर्तमान, म्हणजे चांगली बातमी, या शब्दामुळे आपल्याकडे थोडा घोटाळा होतो; प्रत्येक बातमी शुभच असली पाहिजे, असे वाटू लागते. अभ्यासिका उघडली तेव्हा आपण बातमी पाठवली होती, लोकांनी तिच्यासाठी पैसे दिले होते, म्हणून ती बंद पडल्याचेही त्यांना कळले पाहिजे. कोणाला दोष न देता कारणे लिहावीत : मुले कमी झाली, वीजबिल थकले, की संध्याकाळी दार उघडायला माणूस मिळेना? किती महिने चालली, किती मुले येत होती, किती पैसे जमले आणि किती शिल्लक आहेत, हे सगळे एकाच बातमीत द्यावे. जमा एका अंकात आणि खर्च पुढच्या अंकात, असे करू नये. पुस्तके कोठे ठेवली आहेत आणि किल्ली सध्या कोणाकडे आहे, हेही लिहावे, कारण दहावीला बसणारा एखादा मुलगा ती बातमी वाचून सर्वांत आधी तेच विचारायला येईल.